एकोणीस बाळं आणि एक नात

सुमती उजागरे यांनी एकोणीस बाळांना बाप्तिस्मा दिला. त्या पाळक नव्हत्या, ननही नव्हत्या. परळच्या एका जुन्या प्रसूतिगृहात त्या नर्स होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. मी मालवणकडची, काळाचौकीच्या चाळीत वाढलेली. आमच्यासाठी ख्रिश्चन म्हणजे ख्रिश्चन, सगळे एकच. त्यांच्यात आपसात किती भिंती असतात ते मला सुमती सिस्टरमुळे कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

पहिलं बाळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. १९९३ चा मे महिना, मला नोकरीला लागून तीनच महिने झालेले. परळ गावातली एक ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या कॅथलिकांपैकी, बाई सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगा, किलोभरसुद्धा नाही. आमच्याकडे तेव्हा असल्या बाळांसाठी दिव्याखालची पेटी होती, बाकी काही नाही. नवरा फादरना आणायला धावला होता. बाळाचे ओठ निळे पडत चालले तसं त्या बाईने सिस्टरचा हात धरला.

"सिस्टर, तू किरिस्ताव ना? फादर येईपर्यंत हा नाय राहायचा. तूच घाल पानी."

"बाई, मी तुमच्यातली नाही. मी प्रॉटेस्टंट."

"मग काय झाला? पानी तेच ना?"

सिस्टरनी उकळून ठेवलेलं पाणी वाटीत घेतलं, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून कोमट आहे ना पाहिलं, बाळाचं नाव विचारलं आणि तीन वेळा त्याच्या डोक्यावर ओतलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. मी बाळ धरलं होतं, त्यामुळे ते पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. पुढे चाळीस मिनिटांनी बाळ आईच्या कुशीतच गेलं.

फादर धापा टाकत आले तेव्हा सगळं संपलं होतं. तेव्हा ते अगदी तरुण होते. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी सिस्टरना तीन प्रश्न विचारले. पाणी डोक्यावरून वाहिलं का? शब्द कोणते उच्चारले? आणि मनात काय होतं?

"तुमचं चर्च जे करतं तेच करायचं होतं," सिस्टर म्हणाल्या.

"मग हा बाप्तिस्मा पूर्ण आहे. मी त्याची नोंद करीन. देणाऱ्याच्या जागी तुमचं नाव लिहीन. बाळ जगलं असतं तरी मला पुन्हा देता आला नसता. बाप्तिस्मा एकदाच होतो, तुमचा काय नि आमचा काय."

सिस्टरना बरं वाटलं असावं. त्यांनी सरळ विचारलं, "फादर, मग उद्या मी तुमच्या चर्चमध्ये मिस्सेला आले तर मला तुमच्या हातून प्रभुभोजनाची भाकर मिळेल?"

फादरनी मान खाली घातली. "नाही, सिस्टर. आज तरी नाही."

"म्हणजे माझं पाणी चालतं, पण मला तुमची भाकर नाही."

त्या हे हसत म्हणाल्या होत्या. तेव्हा त्यांना असल्या गोष्टींवर हसता यायचं.

त्यानंतर हे वॉर्डात माहीत झालं. कॅथलिक, मेथॉडिस्ट, एकदा तर केरळची सिरियन ख्रिश्चन बाई, अशा बाया सिस्टरना बोलवायच्या. त्यांचा एकच नियम होता : आईने स्वतःच्या तोंडाने मागितल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. सासूने सांगितलं, नवऱ्याने सांगितलं, तरी त्या आईपाशी जाऊन विचारायच्या. सव्वीस वर्षांत एकोणीस बाळं झाली. त्यातली चार जगली.

सिस्टर नायगावला बीडीडी चाळीत राहायच्या. मूळ घराणं नगरकडचं, तीन पिढ्यांपासून मराठी प्रॉटेस्टंट मंडळीतलं; मंडळी म्हणजे त्यांचं चर्च. नवरा मनमोहन पोलीस खात्यात कारकून होता, तो २००४ साली कावीळ होऊन गेला. मागे एकुलता मुलगा अभिषेक. तिसऱ्या महिन्यात त्याचा बाप्तिस्मा झाला होता. त्या दिवशीचं त्याचं जाळीचं पांढरं झबलं सिस्टरनी मला एकदा कपाटातून काढून दाखवलं होतं.

बाप गेल्यावर अभिषेक बिघडला. दारू इतकी, की दोनदा मीच त्याला लालबागच्या पुलाखालून रिक्षात... नाही, तिथे रिक्षा कुठली, टॅक्सीत घालून घरी आणला. मंडळीतले लोक चौकशी करायचे, प्रार्थना करतो म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. त्याला बाहेर काढलं ते ब्रदर स्वप्नीलच्या फेलोशिपने. लालबागला एका हॉलमध्ये त्यांची सभा भरायची. गिटार, ड्रम, रडणं, टाळ्या. मला ते बघून कसंसंच व्हायचं, पण ब्रदर स्वप्नील चाळीस दिवस रोज अभिषेकच्या बाजूला बसला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. अभिषेकची दारू सुटली ती कायमची. त्याला कुरिअर कंपनीत नोकरी लागली, फेलोशिपमधल्याच जुईशी लग्न झालं. सिस्टर म्हणायच्या, "मेघना, त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत." त्या हे शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, हेच तर वाईट.

फेलोशिपमध्ये बाळाचा बाप्तिस्मा मानत नाहीत. माणूस कळता झाला, त्याने स्वतः विश्वास धरला, की मग पूर्ण पाण्यात बुडवून. अभिषेकने तो पुन्हा घेतला. एका गच्चीवर निळी प्लास्टिकची टाकी भरली होती. सिस्टर मलाही घेऊन गेल्या होत्या. पाण्यात उतरण्याआधी अभिषेकने माइकवर साक्ष दिली : "आजपर्यंत मी नावापुरता ख्रिस्ती होतो. लहानपणी डोक्यावर थोडं पाणी टाकलं होतं, तेवढंच. ते मी मोजत नाही."

सिस्टर पहिल्याच रांगेत होत्या. चेहरा हलला नाही. खाली उतरताना जिन्यात मात्र म्हणाल्या, "मी एवढी वर्षं काय करत होते मग? बाळांची डोकी ओली करत होते?"

घरी त्यांचे वाद व्हायचे. त्या सांगायच्या, शास्त्रात तुरुंगाच्या अधिकाऱ्याने अख्ख्या घरासकट बाप्तिस्मा घेतला, त्या घरात काय एक मूल नसेल? तो म्हणायचा, मूल होतं असं लिहिलंय कुठे? आधी विश्वास, मग बाप्तिस्मा, हा क्रम आहे. दोघांच्याही हातात पुस्तक एकच, नगरच्या आजोबांचं. पानं मात्र वेगवेगळी काढायचे.

लग्नाला सात वर्षं झाल्यावर जुईला दिवस गेले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सत्ताविसाव्या आठवड्यातच ती परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात बाळंत झाली. मुलगी, आठशे नव्वद ग्रॅम. सिस्टर तोवर रिटायर झाल्या होत्या. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्तस्राव झालाय, फार आशा ठेवू नका. सिस्टरना आकडे सांगायची गरज नव्हती. काचेतून एकदा बघितलं आणि त्यांना कळलं. मी सोबत होते.

अभिषेक कॉरिडॉरमध्ये उभा होता. सिस्टर त्याच्यापाशी गेल्या. "अभि, मला तिच्यावर पाणी घालू दे."

"नाही, आई."

"तुझ्या हिशेबाने ते नुसतं पाणीच आहे ना? मग घातलं तर बिघडलं कुठे?"

"बिघडतं. ती निष्पाप आहे, तिला त्याची गरज नाही. आणि आम्ही तिच्या जिवासाठी उपास करतोय. ब्रदर म्हणालेत, ती जगणार. तू आता पाणी घातलंस म्हणजे ती मरणार हे तू कबूल केलंस. हा अविश्वास आहे."

सिस्टर जिन्यापाशी आल्या आणि आपल्या पाळकांना स्पीकरवर फोन लावला. पाळक सज्जन माणूस. ते म्हणाले, "सुमतीबाई, आपल्याकडे बाळाचा बाप्तिस्मा आईबापांच्या विश्वासावर उभा असतो. तेच नको म्हणत असतील तर तो कशावर उभा करायचा?" मग सिस्टरनी पहिल्या बाळाच्या वेळच्या त्या फादरना फोन केला. ते आता दादरला निवृत्तांच्या घरात असतात. फादर म्हणाले, "आमच्या कायद्यात, मूल मरणाच्या दारात असेल तर आईबापांच्या इच्छेविरुद्धही देता येतो. पण घर तुमचं आहे, सिस्टर."

"फादर, मी नाही दिला तर?"

"देव तिला टाकणार नाही, अशी आम्हाला आशा आहे."

"नुसती आशा?"

"खात्री आहे असं म्हणायची मला मुभा नाही."

सिस्टरनी फोन पर्समध्ये ठेवला. "बघ मेघना, तिघं तीन उत्तरं देतात. आणि तिघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे." मग म्हणाल्या, "मी माझ्या नियमाने जाते. जुईला विचारते."

जुई बाळंतिणींच्या वॉर्डात होती. आजूबाजूच्या खाटांवर बाकीच्या बायांची बाळं रडत होती. अभिषेक आमच्या मागोमाग आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. सिस्टरनी जुईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जसं एकोणीस जणींना विचारलं होतं तसंच विचारलं, "बाळ, पाणी घालू का गं तिच्यावर? तू सांगशील तसं."

जुईने अभिषेककडे पाहिलं. मग चादरीकडे. "नको, आई. हे म्हणतात तसंच."

सिस्टरनी मान हलवली. दुपारी पावणेतीनला बाळ गेलं. तिला नावही ठेवलेलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. फेलोशिपकडे स्वतःचं कबरस्तान नाही. तिला तिच्या आजोबांच्या, म्हणजे मनमोहनच्या, कबरीत ठेवायचं ठरलं, तर मंडळीच्या कमिटीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "बाळ कुठल्या मंडळीचं? बाप्तिस्म्याचा दाखला आहे?" सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या बाळांची नोंद करून देणाऱ्या बाईला हा प्रश्न. शेवटी पाळकांनी 'सभासदाची नात' एवढंच लिहून आपल्या जबाबदारीवर परवानगी दिली.

खड्ड्यापाशी पाळक होते, ब्रदर स्वप्नील होता, आणि काठी टेकत फादरही आले होते. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. मी हिंदू, पण ती प्रार्थना मला वॉर्डात ऐकून ऐकून पाठ झालेली. तिघांच्या तोंडी तीच. फक्त फादर एक ओळ आधी थांबले, कॅथलिक ती शेवटची ओळ तिथे म्हणत नाहीत. एवढाच फरक. मला वाटलं, एवढ्या एका ओळीसाठी?

बाहेर गेटपाशी ब्रदर स्वप्नीलने सिस्टरना ऐकू जाईल असं अभिषेकला म्हटलं, "घरात एक जरी शंका घेणारं असलं की प्रार्थना अडते, भाई." मी बोलणार होते, सिस्टरनी माझं मनगट दाबलं.

पंधरा दिवसांनी मी नायगावला गेले तेव्हा जुई तिथे एकटीच आली होती. सिस्टर स्वयंपाकघरात होत्या. जुईने माझ्यादेखत त्यांना विचारलं, अगदी शांत आवाजात :

"तुम्ही मला विचारलंत कशाला?"

सिस्टरना समजलं नाही.

"तो समोर उभा असताना विचारलंत. मी काय सांगणार होते? तुम्ही नर्स होतात, आत जाता आलं असतं तुम्हाला. घालायचं आणि मोकळं व्हायचं. मी मनातल्या मनात सारखी तेच म्हणत होते, घाला, घाला. तुम्हाला ऐकू नाही आलं?"

सिस्टर गॅस बंद करून भिंतीला टेकल्या. मी एकोणतीस वर्षांत त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मी बाकीच्या बायांनाही नवऱ्यासमोर विचारलं असेल गं. किती जणी नाही म्हणाल्या असतील भीतीने." आणि मग त्यांनी मोजायला सुरुवात केली. किती जणींनी नको म्हटलं होतं, त्यांची नावं, खाटेचे नंबर. मला थांबवता येईना.

त्यानंतर जुई पुन्हा आली नाही. अभिषेक नालासोपाऱ्याला राहायला गेला. तो दारूला शिवत नाही, नोकरी टिकून आहे, सभेत साक्ष देतो. त्या साक्षीत आता आईचा अविश्वासही येतो, असं कुणीतरी मला सांगितलं. ते मी सिस्टरना सांगितलं नाही. सिस्टर रविवारी उपासनेला जातात. बाळाचा बाप्तिस्मा असला की मधेच उठून बाहेर आवारात उभ्या राहतात, तो संपला की परत आत. नायगावची चाळ पाडली, त्या आता संक्रमण शिबिरात आहेत. खोली नवी, भिंती पांढऱ्या. भिंतीवर काहीही लावलेलं नाही.

गेल्या महिन्यात मला जुईची आई दादरच्या बाजारात भेटली. तिच्याकडून कळलं, जुईला पुन्हा दिवस गेलेत. मी दोन दिवस विचार केला आणि मग जाऊन सिस्टरना सांगितलं. त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

त्या पालक निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

"कितवा?"

"चौथा संपत आला."

"टाका घातलाय का पिशवीच्या तोंडाला? मागचं बघता आता घालायलाच हवा. उशीर झाला तर उपयोग नाही. विचार तिच्या आईला."

"मी विचारते. तुम्ही सांगितलंत म्हणून सांगू?"

त्यांनी देठांची जुडी कागदात गुंडाळली. "नको. माझं नाव घेतलंस तर घालायचे नाहीत."