औषध अर्ध्यावर सोडणाऱ्यांच्या मागावर बंकट

युसूफ वडगावच्या बंकटला नोकरी लागली ती माणसांच्या मागे फिरायची. बीडच्या एका दवाखान्यात तीव्र नैराश्याच्या आजाऱ्यांवर नव्या गोळीची चाचणी चालू होती. सोळा आठवडे रोज गोळी खायची आणि दर पंधरा दिवसांनी येऊन तपासून पुढच्या गोळ्या न्यायच्या, दोन-चार वरकड धरून. जो यायचा बंद होईल त्याला मोटारसायकलवर जाऊन गाठायचं आणि कारण लिहून आणायचं, हे बंकटचं काम.

गळ्यात ओळखपत्र लटकलं तशी त्याची मानही ताठ झाली. आजाऱ्यांचा त्याला मनापासून तिटकारा. फुकटची गोळी, फुकटची तपासणी, वर एसटीचं भाडं, तरी ह्यांना यायला होत नाही! एका म्हातारीनं तोंड कोरडं पडतं म्हणून गोळी सोडली. एका मास्तरानं जरा बरं वाटलं म्हणून सोडली. एकाला भावकीनं वेड्यात काढलं, म्हणून तो गोळ्या टाकून नारायणगडावर जाऊन बसला. बंकट सगळ्यांपुढे एकच शेरा लिही, 'रुग्ण बेजबाबदार', आणि चहा पिताना टपरीवाल्याला सांगे, "दैव देतं अन् कर्म नेतं, दुसरं काय!"

धारूरच्या डोंगराकडच्या वाडीतली मनिषा मात्र त्याची लाडकी होती, कारण तिच्यामुळे दवाखान्याची शान वाढली होती. भाद्रपदात सासूनं तिला हाताला धरून आणलं, तेव्हा तिच्या केसांना महिनाभर फणी लागली नव्हती. विहिरीवरून तिला दोनदा माघारी आणलेलं. सहाव्या आठवड्यात तिनं आपणहून भाकरी थापली, आठव्यात डॉक्टरीणबाईंकडे बघून हसली. दहाव्यात आलीच नाही.

बंकट तणतणत वाडीवर गेला. दारात ट्रॅक्टर उभा. भांडी, गोधड्या, सरपण, एक शेळी ट्रॉलीत चढलेली, आणि मनिषाचा नवरा उत्तरेश्वर दोर आवळत होता.

"काय बे, बाईला तपासायला कावून आणलं न्हाई?"

"उद्या पाटं कारखान्याला निघायचं हाय, सायेब. येवं कसं?"

"मंग तू जा. तिला ठिव हितंच."

उत्तरेश्वर खुळ्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत राहिला. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; एकट्या गड्याला मुकादम टोळीत उभा करत नाही. हे बीड जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

मनिषा बाहेर आली. "दादा, पाच महिन्याच्या गोळ्या संगंच द्या. रोज खाईन. मला आता लई बरं वाटतंय वो, परत तसं न्हाई व्हायचं मला."

"तपासल्याबिगर गोळी देता येत न्हाई, असा नेम हाय." बंकटनं कारखान्याकडच्या सरकारी दवाखान्याच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

"फडातून मला तितं कोण सोडतंय, दादा?"

"मंग सोळा आठवडे भरणार न्हाईत, हे आदी कावून सांगितलं न्हाई?" बंकट खेकसला.

"मला तवा आज वार कोणता हे तरी ठावं व्हतं का?" मनिषा म्हणाली. "माझं ऱ्हाऊ द्या. तुमची माय भिवराबाई माज्या आयसंगं फडात व्हती. तुमाला तर समदं ठावं व्हतं. तुमी कावून सांगितलं न्हाई?"

श्रावणात दवाखान्यात बैठक झाली होती. पुण्याच्या साहेबांनी कॅलेंडरवर बोट ठेवून चाचणी सुरू करायला भाद्रपद ठरवला, तेव्हा बंकट महाशय समोरच बसलेले. 'दिवाळीनंतर निम्म्या वाड्या रिकाम्या होतात, साहेब,' एवढंच बोलायचं होतं. पण साहेबांनी विचारलं असतं, तुला कसं ठाऊक? मग आईचा कोयता सांगावा लागला असता, आणि त्याची बंकटला लाज वाटत होती. त्यानं मूग गिळले, वर बशीतले पोहे संपवले आणि सगळ्यांबरोबर मान डोलावली. असल्याला भित्रा म्हणावं तर भित्र्यांनाही कमीपणा येईल.

मनिषानं घरातून गोळ्यांचं पाकीट आणून त्याच्यापुढं धरलं. "दोन उरल्यात. उद्याची अन् परवाची. उरलेल्या परत द्यायच्या असत्यात न्हवं?"

तसा नियम होता. बंकटनं त्या दोन्ही गोळ्या परत घेतल्या.