धाकट्या जावेची मिरची

माझी धाकटी जाऊ मिरचीवर मत द्यायला विमानाने इटलीला जायची, आणि मी शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये मिरचीच्या पोत्यांत शिंकत बसायचे. डिग्री दोघींची एकच, अन्नशास्त्राची. मार्क माझे जास्त. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते, अजूनही सांगते.

मंदी आली तेव्हा मी दुबईतल्या एका खाजगी लॅबमध्ये होते. पांढरा कोट होता, दारावर पाटी होती. मग क्रेनी थांबल्या, हॉटेलं ओस पडली, तपासायला नमुने येईनासे झाले, आणि एका सकाळी मॅनेजरने आम्हाला बोलावून हात झटकले. "खलास." नवऱ्याची नोकरी पगार कापून का होईना टिकली होती. पण मुलाची शाळा होती, अल कुसैसच्या फ्लॅटचं भाडं होतं, म्हणून मिळेल ते मी घेतलं. मसाले मागवून पुढे युरोपला पाठवणारी एक कंपनी होती, तिथे 'क्वालिटी' बघायची. बघायची म्हणजे पोत्यांवरची लेबलं वाचायची आणि शिक्का मारायचा. तपासणी बाहेरची लॅब करायची आणि मी तिचा रिपोर्ट फायलीत लावायचे. आपण अजून शास्त्रज्ञ आहोत की नाही, हा प्रश्न मला रोज कंपनीच्या व्हॅनमध्ये बसल्यावर पडायचा आणि उतरेपर्यंत त्याचं उत्तर मिळायचं नाही.

धाकटी म्हणजे माझ्या दिराची बायको. ती युरोपातल्या एका लहानशा देशात, तिथल्या अन्नसुरक्षेच्या सरकारी ऑफिसात होती. अशी ऑफिसं तिकडे प्रत्येक देशात असतात आणि सगळ्यांच्या मध्ये इटलीत एक मोठी संस्था. वेगवेगळ्या देशांतले तज्ज्ञ तिथे जमून ठरवतात की अमुक पदार्थात अमुक विष किती असलं तर माणसाला धोका आहे. सासूबाई पुण्याला सगळ्यांना सांगायच्या, "धाकटी युरोपला काय खावं ते शिकवते." माझ्याबद्दल विचारलं तर म्हणायच्या, "ती होय? आहे तिकडे, पोती मोजते."

शनिवारी धाकटीचा फोन यायचा. मी मुद्दाम तिच्या कामाचं विचारायचे. दुखरा दात जिभेने चाचपावा तसं.

"आमच्याकडे ना वहिनी, प्रत्येक देशाने आकडे एकाच साच्यात पाठवायचे," ती सांगायची. "म्हणजे कुणाचे कुणाशीही जोडता येतात. एकट्याकडे माहिती कमी पडते, सगळ्यांची मिळून होते."

"आणि पटलं नाही तर?"

"भांडतो की. पण एखाद्या देशाच्या ऑफिसचं आणि मधल्या संस्थेचं मत वेगळं पडलं, तर दोघांना एकत्र बसून लिहावं लागतं. आपलं नेमकं कुठे पटत नाही, का पटत नाही. आणि ते सगळ्यांना वाचायला ठेवायचं. मग जेवायला जातो."

मला त्या जेवणाचा हेवा वाटायचा. आमच्या लॅबच्या रस्त्यावर आणखी एक लॅब होती. दोघांच्या खिडक्या समोरासमोर, पण एका लॅबचा आकडा दुसरीला कळला तर आभाळ कोसळायचं. त्यांचा आकडा वेगळा आला की त्यांचं मशीन खराब, एवढंच आमचं शास्त्र. आणि धाकटीकडे 'हे आम्हाला अजून नक्की माहीत नाही' असं अहवालात छापायची पद्धत होती, त्यासाठी वेगळं प्रकरणच असायचं. मंदीच्या त्या दिवसांत आमच्याकडे 'माहीत नाही' म्हणणाऱ्याचा व्हिसा आधी रद्द झाला असता.

फोन ठेवला की मी भांडी जरा जोरात घासायचे. एकदा मुलगा वहीतून मान वर न काढता म्हणाला, "आई, यू आर सो जेलस ऑफ काकू." मी म्हटलं, मराठीत बोल. तो म्हणाला, "आय डोन्ट नो द मराठी वर्ड." मला सगळे शब्द येत होते.

त्यानंतर आमचा एक कंटेनर परत आला. लाल तिखटात बुरशीचं विष सापडलं म्हणून युरोपातल्या एका बंदराने तो अडवला, आणि बघता बघता तिकडच्या सगळ्या देशांना ते कळलं, कारण अशी खबर एकाने सगळ्यांना द्यायचीच असते. आमच्या हातातला रिपोर्ट मात्र माल स्वच्छ असल्याचं सांगत होता. दोन्ही खरं असू शकतं. हे विष सगळीकडे सारखं पसरत नाही, एका पोत्यात असतं आणि शेजारच्यात नसतं. तुम्ही मूठ कुठून उचलता त्यावर सगळं अवलंबून. हे मी मालकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आपकी देवरानी वहाँ बैठी है ना? बात करो उससे. यल्ला, जल्दी."

त्यांना हे ठाऊक होतं, कारण मीच ऑफिसात मिरवलं होतं. जळायचं घरी आणि मिरवायचं बाहेर, असा माझा कारभार होता.

मी गिळायचं ते गिळून फोन केला. नमुना कुठून घेतात, कसा घेतात, एवढंच विचारणार होते. मिरची हा शब्द ऐकल्याबरोबर तिचा आवाज बदलला.

"वहिनी, मिरचीचं मला काही विचारू नका. मला बोलता येणार नाही."

"अगं, गुपित कुठे विचारतेय? नुसतं..."

"खरंच नाही, वहिनी. दुसरं काहीही विचारा." आणि मग तिने माझ्या मुलाच्या परीक्षेचं काढलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा म्हणाला, तिची काहीतरी अडचण असेल. मी म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना अडचण कसली? सख्ख्या जावेला दोन वाक्यं सांगितली असती तर तिच्या खुर्चीचा पाय मोडला असता का? पुढचे कितीतरी शनिवार मी फोन नवऱ्याकडेच देत राहिले.

पण ती खुर्ची माझ्या डोक्यातून जाईना. एके दुपारी ऑफिसात मी त्या इटलीतल्या संस्थेचं पान उघडलं. हेतू शुद्ध होता, चूक काढायची. तिथे मिरचीतल्या विषावरचा अहवाल कच्च्या स्वरूपात ठेवला होता आणि खाली लिहिलं होतं की कुणालाही यावर म्हणणं मांडता येईल. कुणालाही, हे मी पुन्हा वाचलं.

विष किती यावरच धोका ठरत नाही, माणूस ते किती खातो यावरही ठरतो. म्हणून अहवालात देशोदेशीचे लोक रोज किती तिखट खातात त्याचा तक्ता होता. त्यात 'जास्त खाणारे' असा एक रकाना होता. तो बघून मला एकटीलाच हसू फुटलं. त्यांचे जास्त खाणारे म्हणजे आमच्या घरातले आजारी. त्या देशांत आपली माणसंही राहतात, दुकानांतून हेच तिखट नेतात, आणि त्यांच्या डब्यापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. त्यांच्या प्रत्येक बाळाच्या बिस्किटाचा हिशोब होता, आमच्या रश्श्याचा नव्हता. याचाही मला हेवा वाटला, कुणीतरी आपलं ताट इतक्या काळजीने बघावं याचा.

मी वजनकाटा आणला. "पन्नास दिऱ्हम, म्हणजे साडेसहाशे रुपये," नवरा म्हणाला, "तिखट तोलायला?"

आधी मी बिल्डिंगमधल्या बायकांना नुसतं विचारलं, आणि सगळ्या खोटं बोलल्या. कोल्हापूरची म्हणाली, "आम्ही हल्ली कमीच खातो, ॲसिडिटी." पुण्याची म्हणाली, "आमच्यात तिखट फार लागतं हो," कारण तिच्या आमटीतल्या साखरेवरून सगळ्या तिला चिडवायच्या. मग मी विचारणं बंद केलं. एका शुक्रवारी तिखटाचा डबा तोलायचा, पुढच्या शुक्रवारी पुन्हा तोलायचा, मधे घरात जेवणारी माणसं किती, पाहुणे किती, तेवढं टिपायचं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण डबा उघडला की चूल चुलीसारखी नसते. बायकांना फार उत्सुकता. "तिच्या डब्यातून किती गेलं?" असं दारातच विचारायच्या. मी ताकास तूर लागू दिली नाही.

कंपनीत माल चढवणारे कोकणातले लोक होते, एकत्र मेस चालवायचे, रोज माशाची आमटी. मी काटा घेऊन गेले तर स्वयंपाक करणारा म्हणाला, "ताई, आमच्याकडे डबा नाय. बादली आहे." बादली तोलली. तिचा आकडा युरोपातल्या कुठल्याच देशाच्या आसपास नव्हता. माझाही डबा तोलला. आमचं घर कुठेतरी मधेच आलं, आणि त्याचंही मला जरा वाईट वाटलं.

ते सगळं मी नीट मांडून पाठवलं. तुम्ही कोण, कुठे काम करता, असं विचारलं होतं. मसाल्याच्या कंपनीत, असं खरं ते लिहिलं. धाकटीला सांगितलं नाही. ती टेबलाशी बसलेली असेल, आपलंच आडनाव वाचून दचकेल, हे चित्र मी मनात पुष्कळदा बघितलं.

पुढच्या वर्षी पक्का अहवाल आला. त्याला एक लांब तक्ता जोडला होता. आलेलं प्रत्येक म्हणणं आणि त्यापुढे त्याचं उत्तर. माझ्या म्हणण्यापुढे लिहिलं होतं की घरं थोडी आहेत, म्हणून हे आकडे हिशोबात धरता येत नाहीत. मात्र मुद्दा बरोबर आहे, आणि म्हणून खात्री नसलेल्या गोष्टींच्या यादीत एक वाक्य वाढवलं आहे. ते वाक्य मी शोधलं. तिखट जास्त खाणाऱ्या समाजांत धोका इथे मांडलेल्यापेक्षा अधिक असू शकतो, असं ते होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते तिखटावर ढकललं.

आनंद शारजाच्या ट्रॅफिकपर्यंत टिकला. तिथे गाडी थांबली आणि माझ्या मनात आलं, हे धाकटीनेच करवलं असणार. वहिनींचं आहे, घ्या एक वाक्य, बिचाऱ्या पोती मोजतात. मग ते वाक्य माझं राहिलंच नाही.

डिसेंबरमध्ये ती मंडळी भारतात जाताना आमच्याकडे उतरली. पुरुष आणि मुलं मॉलमध्ये गेली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो, ती कांदा चिरत होती. मला राहवलं नाही.

"ते वाक्य तूच घालायला लावलंस ना?"

"कुठलं?" असं तिने विचारलं नाही. सुरी खाली ठेवली.

"मी त्या खोलीत नव्हते, वहिनी."

"म्हणजे?"

"काम सुरू होताना लिहून द्यावं लागतं. आपला किंवा जवळच्या माणसांचा या व्यवहारात काही संबंध आहे का. सगळे म्हणाले, जवळचे म्हणजे नवरा, मुलं. जाऊ त्यांच्या नियमात बसतच नाही." ती जराशी हसली. "पण जवळच्या माणसांत तुम्ही नाही असं मी कसं लिहू? मी लिहिलं की माझी थोरली जाऊ मिरचीच्या कंपनीत आहे. समितीच्या अध्यक्षांना जाऊ म्हणजे काय हे समजवायलाच वेळ गेला. नवऱ्याच्या भावाची बायको. ते म्हणाले, तुम्हाला जवळची वाटत असेल तर तुम्ही या विषयात बसू नका. मग मिरची आली की मी उठायचे. बाहेर कॉफीच्या मशिनपाशी."

मी गॅस बारीक केला.

"इतकी वर्षं दुधावर, धान्यावर काम केलं. पहिल्यांदा आपल्या घरातलं काहीतरी आलं होतं, आणि मी बाहेर. तुमचा राग यायचा मला, खरं सांगते. मग तो तक्ता उघडला, तर आत आपलं आडनाव. काम करणाऱ्यांत माझं नाव नाही, वहिनी, आणि तुमचं म्हणणं मात्र आत वाचलं गेलं. मला फार हेवा वाटला तुमचा."

हे शब्द ऐकायला मी किती वर्षं कान टवकारून बसले होते. ऐकले, आणि मी कांद्याच्या साली गोळा करायला लागले.

तेवढ्यात पुण्याचा फोन वाजला. सासूबाई फोनवर ओरडूनच बोलतात, त्यामुळे धाकटीलाही सगळं ऐकू जात होतं. पोचले का सगळे, जेवलात का, आणि मग म्हणाल्या, "धाकटीचं ते मिरचीचं काम झालं का गं? सोसायटीत सगळ्या विचारतात."

आपण त्या कामात नाही, हे तिने त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. एका वाक्यात मला सगळं फेडून घेता आलं असतं. धाकटीने कांद्याची ताटली बाजूला सारली.

"झालं, आई," मी म्हटलं. "छापून आलं. चांगलं झालं."

"होणारच. डोकं लागतं त्याला. नुसती पोती मोजून होत नाही ते."

धाकटीने कांद्याचे हात तसेच पुढे करून माझ्याकडून फोन घेतला.

"आई, त्या कामात मी नव्हते. वहिनी होत्या."

पलीकडून आवाज आणखी चढला. "अगं मग तू विमानाने कशाला जायचीस?"

"बाकीच्या कामांना, आई. मिरचीच्या वेळी मी दाराबाहेर कॉफी प्यायचे."

एवढं ती सहज बोलली, बाजारात कोथिंबीर मिळाली नाही असं सांगावं तितकं सहज. मला तसं आयुष्यात कधी बोलता आलं नसतं. फोन कानाला लावून ती उभी होती, आणि मला पुन्हा तिचाच हेवा वाटला.