दमाणीच्या शोधात: टार्निट ते मर्टलफर्ड

जाहिरातीतला फोटो धूसर, ॲडव्हान्स नको, वर ‘घरी या, आधी ऐका, मग ठरवा’ असा आग्रह. काहीतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच ओळखलं. पण दोन लॉकडाऊनच्या मधली फट सापडली होती आणि पुण्यात एकट्या अडकलेल्या बाबांनी एकच गोष्ट मागितली होती: तरुणपणी त्यांच्याकडे असलेली एक इटालियन रेकॉर्ड. गिटारवाल्या पोरांच्या एका बीट ग्रुपची, अगदी सुरुवातीच्या काळातली. तीच मर्टलफर्डच्या या जाहिरातीत दिसली. ग्रुपचं नाव इथे लिहीत नाही. तुम्ही शोधायला लागाल आणि भाव चढेल.

आई पुण्याहून माझ्याकडे परदेशात, टार्निटला आली ती तीन महिन्यांसाठी. विमानं बंद झाली आणि इथेच राहिली. तिला गाण्यांचं मुळीच वेड नाही. तरी निघायच्या दिवशी पर्स घेऊन माझ्याआधी गाडीत! मला तिचाही संशय आला.

ह्यूम फ्रीवे म्हणजे सरळसोट कंटाळा. थांबे धरून चार-साडेचार तास ठेवा, स्पीड कॅमेऱ्यांना भ्या आणि एक टाकी पेट्रोल धरा. युरोआच्या बेकरीत दारातच क्यूआर कोड स्कॅन करून घेतात. मीट पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, झकास होता. आईने तो उलटासुलटा करून पाहिला, “आत काय भरलंय कुणास ठाऊक,” म्हणाली आणि पर्समधून दशम्या काढल्या.

वँगरॅटा सोडल्यावर डोंगर दिसायला लागले, तेव्हा ती एकदम म्हणाली, “ती रेकॉर्ड मीच रद्दीत घातली होती.”

“काय!”

“लग्न झाल्यापासून हा माणूस दाढी करताना ‘दमाणी, दमाणी’ गुणगुणतो. ऑफिसात टायपिंगला एक मिस दमाणी होती, ठाऊक आहे? विचारलं, तर म्हणे गाण्यातला शब्द आहे. अर्थ काय? तर मला काय माहीत! चोराच्या मनात चांदणं. आज मी स्वतः ऐकणार. शब्द निघाला तर ठीक.”

“आणि नाही निघाला तर?”

तिने पर्सची चेन खस्सकन ओढून बंद केली. मला धडकीच भरली. रोज व्हिडिओ कॉलवर ‘आमटीला फोडणी आधी का नंतर?’ विचारणारे माझे बाबा! रागही आला तिचा.

मर्टलफर्डच्या आसपास तंबाखू वाळवायच्या जुन्या शेड अजून उभ्या आहेत. जाहिरात देणारा तोनिनो तरुणपणी इटलीहून तंबाखूच्या मळ्यावर कामाला आलेला; आता पिकल्या केसांचा, मास्क नाकाखाली. अंतर ठेवून आम्हाला व्हरांड्यात बसवलं आणि रेकॉर्ड प्लेअरच बाहेर आणला. “बहीण गावाहून अशा रेकॉर्ड पाठवायची, मेट,” तो त्याच्या इंग्रजीत म्हणाला. त्याने कॉफीचा घोट घेईपर्यंत आईने कपाला हात लावला नाही.

पहिली बाजू. खणखणीत गिटार, ऑर्गन, चार पोरांचे एकात एक मिसळलेले आवाज. पुढे हा ग्रुप लांबलचक, गंभीर वाजवायला लागला म्हणे; हे मात्र दोन-अडीच मिनिटांचं निव्वळ उंडारणं. मी मान डोलवायला लागले आणि आईकडे पाहून थांबले. दमाणी कुठेच नव्हती.

“ऐकलंस?” आई म्हणाली.

तोनिनोने रेकॉर्ड उलटली. राहू दे म्हणावं, असं मला फार वाटलं.

दुसरं गाणं संथ. एक कडवं गेलं. मग चौघांनी मिळून सूर लावला: “दोमानी... दोमानी...”

आई उभीच राहिली. “हू इज दमाणी?”

तोनिनो खो खो हसला. “नॉट हू, लव! दोमानी. टुमॉरो.”

“उद्या?” आई मटकन खाली बसली. “अगं बाई! नळ गळतोय म्हटलं की हा माणूस तेच तर म्हणतो!” ती हसता हसता रडायला लागली. “आणि त्या बिचारीला मी एकदाही हळदीकुंकवाला बोलावलं नाही गं.”

तोनिनोने भाव वाजवी लावला, वर टोमॅटोची पिशवी फुकट दिली. टोमॅटो मी वाटेत तपासले. चांगले निघाले.

कुणी विचारलं जावं का, तर जरूर जा, स्वेटर न्या. रेकॉर्ड आता माझ्या कपाटात आहे, विमानं सुरू होण्याची वाट बघत. घरी आल्यावर बाबांना व्हिडिओ कॉलवर दोन्ही बाजू ऐकवल्या. दुसऱ्या बाजूला ते गुणगुणायला लागले आणि आईकडे बघून चटकन थांबले.

“म्हणा की,” आई म्हणाली. “छान आहे गाणं.”

बाबा संशयाने तिच्याकडे बघतच राहिले. मग रोजचा प्रश्न विचारला, “अगं, कधी येतेस?”

बॉर्डर बंदच होती. आईने डोळे पुसले.

“दोमानी,” ती म्हणाली.