लव्हबर्डची दांडी

आमच्याकडे बजी पक्ष्यांची जोडी आहे. कामोठ्यात त्यांना सगळे लव्हबर्डच म्हणतात, विकणारासुद्धा. निळी मादी दिवसभर हिरव्या नराच्या डोक्यात टोच्या मारते, तरी लव्हच.

मला प्रश्न पडायची खोड आहे. पिंजऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या दांड्या एकसारख्या गुळगुळीत होत्या आणि मादीचे तळवे लालसर दिसायला लागले होते. जन्मभर एकाच मापाच्या दांडीवर उभं राहायचं म्हणजे पाय दुखणार नाहीत का? मी मोबाइलवर वाचत सुटले. दांडीची जाडी कमी-जास्त हवी, ती जरा खडबडीत हवी आणि मऊ दोरीही चालते, असं कळलं. लगेच रंगीत सुती दोरी मागवली. सुती म्हणजे सुरक्षित हे आपल्या डोक्यात पक्कंच असतं. बाळाला झबलं सुती, मग पाखराला दोरीही सुती.

माझे वडील माझ्याजवळच राहतात. साताऱ्याकडून येऊन त्यांनी वाशीच्या मार्केटात उभा जन्म गोणी वाहिल्या. दोरी बघून ते म्हणाले, “दोरी बांधायला असती गं, बसायला न्हाई.” मी हसून सोडून दिलं.

काही दिवसांनी मादी दोरीला उलटी लटकून फडफडताना दिसली. चावून चावून तिने दोरी पिंजली होती आणि त्यातला एक धागा तिच्या बोटाला करकचून आवळला होता. वडिलांनी तिला फडक्यात धरलं, मी नेलकटरने धागा तोडला. बोट काळंनिळं पडलं होतं. पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले, बोट कदाचित झडेल, पण ती त्या पायावर पुन्हा भार टाकते का, हे महत्त्वाचं. मला स्वतःचा भयंकर राग आला. शहाणपणा माझा आणि बोट तिचं!

आता तिला बसायला काय द्यायचं? या वेळी मी वडिलांना विचारलं आणि त्यांची कळी खुलली. घरातली सुतळी त्यांनी नाकाला लावली. “घासलेटचा वास मारतंय बघ. गोनी पाठीवर घेतली की दिसभर ह्योच वास.” नायलॉनची दोरी त्यांनी ताणून बघितली. “ही तुटत न्हाई, बोट तुटंल.” काथ्या तर त्यांनी चक्क दातांत धरला.

“आबा, अहो काय करताय?”

“ती चावनार. मग म्या आदी चावून बघाय नको?”

मग थू थू करत बराच वेळ जिभेवरची कुसं काढत बसले. दोरीचा विषय तिथेच संपला.

राहिलं लाकूड. रस्त्याच्या दुभाजकावर झाडांची छाटणी चालली होती. तिथली एक गुलाबी फुलांची छान फांदी मी उचलून आणली. वडील ओरडलेच, “कन्हेर हाय ती! जनावर खाऊन मरतं!” मी ती फेकून साबणाने हात धुतले. शेवटी सोसायटीच्या मागच्या पेरूची फांदी मिळाली. त्या झाडावर कधी फवारणी होत नाही ना, हे मी माळ्याला दोनदा विचारून घेतलं. वडिलांनी ती साल न काढता गरम पाण्याने धुतली, कडक उन्हात वाळवली आणि पिंजऱ्यात आडवी बसवली. मध्ये जाड, टोकाला बारीक.

एका सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी वाळलेलं बोट पडलेलं सापडलं. लवंगेएवढंसुद्धा नव्हतं. मी रडले.

निवांत असला की बजी एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतो आणि एकाच पायावर पेंगतो. नर रोज दुपारी तसा पेंगायचा. मादीही पेंगायची, पण नेहमी चांगल्या पायावर. दुखरा पाय कायम पिसांत. मी रोज दुपारी खुर्ची ओढून बघत बसायचे. वडील म्हणायचे, “अशी टक लावून बसलीस तर तिला तरी झोप येईल व्हय?”

मग एका दुपारी त्यांनीच मला हाताने खुणावलं. पेरूच्या फांदीवर, मधल्या जाड भागावर मादी बसली होती. थोडी डगमगली, सावरली. मग तिने चांगला पाय उचलून पिसांत घेतला, डोळे मिटले आणि उरलेल्या तीन बोटांवर झोपून गेली.