झेंडूखालची सूचना

६ ऑक्टोबर. मी गावातली आशाताई. गरोदर बायांचे रक्ताचे रिपोर्ट आणायला लॅबमध्ये गेले.

लॅबवाला बोलण्याआधी चष्मा पुसतो. दरवर्षी दसऱ्याला संगणकाला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालतो. पडद्याच्या कोपऱ्यात रोज सूचना येई, की या जुन्या प्रणालीला आता सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. यंदा त्याने माळेतलं मोठं फूल नेमकं तिच्यावर आणलं होतं.

"बदला ना आता," मी तेव्हाच म्हटलं होतं.

"काऊन बदलू, ताई? चांगला चालून राह्यला. नव्यावर हे रक्ताचं मशीन चालत नाही."

आज पडदाभर खंडणीची धमकी होती. कुणीतरी बाहेरून घुसून सगळे रिपोर्ट कुलूपबंद केले होते. त्याने वाळलेलं फूल बाजूला केलं, रिकामा कोपरा पाहिला आणि फूल पुन्हा होतं तिथेच ठेवलं. चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

त्या बायांपैकी सुमनचे दिवस भरलेत, अंगात रक्त आधीच कमी. रिपोर्टशिवाय दवाखान्यात रक्ताची सोय होत नाही.

"ताई, पुन्हा काढतीन रक्त?" मी घरी जाऊन सांगितल्यावर तिने विचारलं.

"हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चिखलीच्या लॅबमध्ये नेलं. सुई टोचण्याआधी मी तिथल्या पडद्याचा कोपरा पाहून घेतला.