साहेबांनी दिलेला नकार

जर्सी सिटीत आम्ही राहायला आलो, तेव्हा माझे बँकेतले साहेब आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहत होते. मूळचे घानाचे. बायको वारलेली, एकुलती मुलगी नॉर्थ कॅरोलिनाला, मॉरिसव्हिलमध्ये. सकाळी मॅनहॅटनच्या ट्रेनला आम्ही बरोबर असायचो आणि रविवारी ते आमच्याकडे जेवायला यायचे. माझी लेक त्यांना काका म्हणायची. बाकी सगळं इंग्लिशमध्ये.

बँकेत येण्याआधी ते घानाच्या उत्तरेला एका तालुक्याच्या गावी सरकारी अधिकारी होते. माझे वडील नागपूरला पाटबंधारे खात्यात असल्यामुळे बदल्या, दौरे, मंत्र्यांचे फोन हे काही मला समजावून सांगावं लागत नसे. त्या गावासाठी त्यांनी नदीवरून नळयोजना आखली होती. सर्व्हे झाला, टाकीचा पाया खणला गेला आणि सरकार बदलल्यावर काम थांबलं. बरीच वाट पाहून शेवटी वैतागून त्यांनी राजीनामा दिला. राजधानीतल्या एका बँकेनं त्यांना घेतलं. तिथून लंडन, मग न्यूयॉर्क. जातील तिथे वर चढत गेले.

मी त्यांच्या टीममध्ये असताना कर्जाचा एक प्रस्ताव आला. त्याच गावाची नळयोजना, नव्यानं मांडलेली. आपण तिथे काम केलंय हे साहेबांनी मीटिंगमध्ये आधीच सांगून टाकलं. मग तर सगळे त्यांच्याकडेच बघायला लागले. तुम्हीच सांगा, म्हणाले. योजना चांगली आहे, पण तिथलं सरकारी ऑफिस मला माहीत आहे, पैसा पाइपापर्यंत पोचणार नाही, असं साहेबांनी शांतपणे सांगितलं. विषय तिथेच संपला.

परतताना ट्रेनमध्ये मी म्हटलं, तुमचं बरोबरच होतं.

"बरोबरच होतं," ते म्हणाले. "पण ते ऑफिस असं का झालं? काम करणारे होते ते सगळे निघून आले. मीही आलो."

रिटायर झाल्यावर कायमचं त्या गावी राहायचं म्हणून त्यांनी फ्लॅट सोडला. कुंड्या आम्हाला देऊन टाकल्या. आम्हाला वाटलं, आता मनावरच्या ओझ्यातून सुटले. पण काही महिन्यांतच मुलीकडे परत आले. पुढच्या सुट्टीत आम्ही मॉरिसव्हिलला त्यांना भेटायला गेलो. अंगणात बसून त्यांनी सगळं सांगितलं. गावानं त्यांना डोक्यावर घेतलं होतं. म्हातारी माणसं हात धरून, तुम्ही होता तेव्हा निदान पाया तरी खणला गेला, असं कौतुक करत होती. न्यूयॉर्कहून नकार आला हे त्यांना ठाऊक होतं. तो कुणी दिला, हे ठाऊक नव्हतं. बायका अजून नदीवरून पाणी आणत होत्या आणि त्यातलंच गार पाणी आधी साहेबांपुढे ठेवत होत्या.

"मग तुम्ही सांगितलं का त्यांना?" मी विचारलं.

"सांगितलं. सरपंचासारखा जो मुख्य असतो, त्याला. तो म्हणाला, तुमचाही नाइलाज असेल. रागावला असता तर मी तिथे राहू शकलो असतो."

आत त्यांची मुलगी जेवायला हाका मारत होती. ते उठले नाहीत, म्हणून मीही बसून राहिले.