यकृत परत वाढतं

पेडण्यातल्या आमच्या हायर सेकंडरीच्या स्टाफरूममध्ये किस्से सांगावे लागत नाहीत, ते चहाबरोबर आपसूक येतात. हल्ली मात्र बायोलॉजीच्या सुषमा मॅडमचाच विषय निघतो. मी गणिताचा मास्तर, त्यात घाबरट. माझा चहा गार होतो.

*

मॅडमचा आवडता धडा म्हणजे अवयवांची पुनर्वाढ. पालीची शेपटी तुटली तर नवी येते, पण तीत हाड नसतं. माणसाचं यकृत जास्त शहाणं! मोठा तुकडा कापला तरी उरलेलं वाढतं, आणि पुरेसं झालं की जीन्सच पेशींना थांबवतात. "हा थांबायचा जीन आमच्या बिल्डरांत नाही," असं त्या म्हणायच्या. वर्ग दरवर्षी हसायचा.

*

मग त्यांच्या धाकट्या भावाचं यकृत निकामी झालं. विनायक पणजीच्या बसवर कंडक्टर. डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या कुणीतरी तुकडा द्या, वेळ नाही. जुळलं फक्त मॅडमचं. विनायक अडून बसला. "ताई, माका नको. तुका दोन पोरां आसत."

"गप रव," मॅडम म्हणाल्या. "माजा परत वाडतला. तुजा वाडाचा नाय."

*

रजेवर जाण्याआधीच्या तासाला एका मुलीने विचारलं, "मॅडम, वाढलं नाही तर?"

मी शेजारच्या वर्गात होतो. भिंतीपलीकडून मॅडमचा आवाज आला, "तर पुढच्या बॅचला धडा बदलून शिकवायला सांगा." या वेळी कुणी हसलं नाही.

*

ऑपरेशनच्या दिवशी त्यांची आई, माई, दोन थिएटरांच्या मधल्या बाकावर बसलेल्या. स्टाफतर्फे मी सोबतीला होतो; माझा फोन सारखा वाजत होता आणि जो तो "विनायक कसा आहे?" एवढंच विचारत होता. माई म्हणाल्या, "हय दोगां आसत म्हणान सांग."

डॉक्टर आले. विनायकच्या पोटात नवं यकृत कामाला लागलं होतं. मॅडमचा रक्तस्राव मात्र थांबत नव्हता. तो थांबेपर्यंत माईंनी पाण्याचा घोट घेतला नाही.

*

काही महिन्यांनी स्कॅन झालं. दोघांचंही यकृत वाढलं होतं. माईंना देवळात नारळ ठेवायला मीच गाडीने घेऊन गेलो.

ऑपरेशनआधी त्या तिथे एकट्याच कौल घ्यायला गेल्या होत्या. आमच्याकडे मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडे पडली तर देवाचा होकार, डावीकडे पडली तर नकार. डावा कौल मिळाला तर ठरलेली लग्नंसुद्धा मोडतात. माईंनी घरी येऊन सांगितलं होतं, उजवा मिळाला.

गुरव चाचरत म्हणाला, "माई, चेडवाचा, सुषमाताईचा, वाडतला काय म्हणान तुमी इचारलेलास. तेन्ना पाकळी डावी पडलेली न्हय?"

माई नारळाची शेंडी काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पडलेली. मगे चेडवाकच इचारलंय. तिना सांगल्यान, वाडतला. देवाक काय खबर? तो खंय बारावीक बायोलॉजी शिकयता?"